खिडकीकडचा गाल

हिंगोलीत शिकायला आलो तेव्हा मला खोली मिळाली ती एका एसटी ड्रायव्हरच्या शेजारची. एकाच गच्चीवर पत्र्याच्या दोन खोल्या, दोघांत मिळून एक मोरी आणि मोरीच्या भिंतीवर एक आरसा. पहिल्याच सकाळी मी दात घासायला गेलो तर आरशासमोर एक उंच माणूस उभा होता. खाली खाकी पँट, वर बनियन. चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्या भागावर पांढरा लेप, डावा अर्धा भाग मोकळा. मला वाटलं, लावायचं चालू असेल. म्हणून मी थांबलो. बराच वेळ थांबलो. त्यानं डाव्या बाजूला काहीच लावलं नाही. सावकाश तोंड धुतलं, टॉवेलनं न घासता नुसतं टिपलं आणि मला म्हणाला, "ये ना. काहून उभा हायस? आपलं झालं."

मी भीतभीत विचारलं, "दुसऱ्या बाजूला नाही लावलं?"

"ती बाजू बराबर हाय," तो म्हणाला.

मग त्यानं मला दोन्ही हात शेजारी धरून दाखवले. डावा हात दुधाच्या चहासारखा होता, उजवा काळ्या चहासारखा. चेहऱ्याचंही तसंच. नाकाच्या शेंड्यापासून सरळ रेघ ओढावी आणि दोन वेगवेगळ्या माणसांचे अर्धे अर्धे चेहरे जोडावेत, असा तो दिसायचा. इतकी वर्षं गाडी चालवून खिडकीकडची बाजू करपली होती. मी म्हणालो, "पण येताना ऊन दुसऱ्या बाजूला येत असेल ना?" त्यानं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. "येतं ना. पण डावीकडं इंजनचं झाकण अन् पॅसेंजर असतात. त्यांच्यावर पडतं ते."

मी त्याला भाऊ म्हणायला लागलो. तो मला 'कॉलेज' म्हणायचा. माझं नाव त्यानं कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या तांड्यावर पुरुषानं तोंडाला लावायचं म्हणजे हिवाळ्यात खोबरेल तेल, तेही उरलं तर. त्यामुळं भाऊच्या खोलीतली फळी पाहून मी गांगरलोच. तिच्यावर बाटल्या, ट्यूबा, डब्या अशा लावलेल्या की औषधाच्या दुकानदारानं लाजावं. प्रत्येकीला त्यानं डेपोतलं नाव दिलेलं. तोंड धुवायचा फेस म्हणजे वॉशिंग. रात्रीची क्रीम म्हणजे ग्रीसिंग. सनस्क्रीन म्हणजे टप. "टपाबिगर गाडी पावसात काढशील का? मग टपाबिगर तोंड उन्हात काहून काढतोस?" असं तो मला विचारायचा. आणि रविवारी सुट्टी असली की सर्व्हिसिंग. त्या दिवशी डोंगरकड्याहून, म्हणजे त्याच्या गावाहून, आईनं पाठवलेली केळी असायची. केळं मी खायचो आणि साल तो गालावर घासायचा. अशी आमची वाटणी होती.

"चेहरा म्हणजे गाडीची समोरची काच," हे त्याचं आवडतं वाक्य. "काच पुसायची न्हाई अन् रस्ता खराब हाय म्हणायचं. असे लोक हायेत सगळे."

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, त्यामुळं बाटल्यांवरचं बारीक इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडं आलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळं मला सगळं येतं असं घरच्यांना वाटायचं. इथंही तेच झालं. मी अडखळत 'नायसिनमाइड' असं वाचायचो. तो विचारायचा, "म्हंजे काय?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी आहे आम्हाला." त्यानं कधी शंका घेतली नाही. पुढच्या वर्षी नक्की विचारायचं असं ठरवून तो ती बाटली वापरत राहिला.

एकदा दिवाळीला गावी निघालो तेव्हा त्यानं एक नवीन सनस्क्रीनची ट्यूब माझ्या पिशवीत टाकली. "तुझ्या आईला दे. दिवसभर वावरात असती बिचारी." मी याडीला, म्हणजे माझ्या आईला, ती दिली आणि कशी लावायची तेही सांगितलं. ती व्हय व्हय म्हणाली आणि सगळी ट्यूब टाचांच्या भेगांना लावून टाकली. परत आल्यावर मला खोटं बोलता येईना, म्हणून खरं ते सांगितलं. भाऊनं विचारलं, "फरक पडला का पण?"

"पडला म्हणाली."

"मग ठीक हाय," तो म्हणाला. पण त्या दिवशी तो जेवला कमी.

डेपोत त्याला चिडवणारे पुष्कळ होते. स्टँडवर गाडी लावून तो दर फेरीला आरशात पाहून टप चढवायचा, तेव्हा बाकीचे ड्रायव्हर कँटीनमधून ओरडायचे, "अरे थांबा रे, नवरी तयार होऊन राहिली." तो शांतपणे म्हणायचा, "तुमचं झालंय लगीन. तुमी कसे पण फिरा." मला आधी वाटायचं, हा नुसता विनोद आहे. तसं नव्हतं. त्याचं वय पस्तिशीकडं चाललं होतं आणि आलेली स्थळं हातची गेली होती. पण एवढी सगळी खटपट येणाऱ्याजाणाऱ्या स्थळांसाठी नव्हती. ती एकाच माणसासाठी होती, आणि ते माणूस त्याच्याच गाडीत तिकिटं फाडत होतं.

ती कंडक्टर होती. औंढ्याची. तिच्या वडिलांचं मंदिराच्या वाटेवर बेल, फुलं आणि प्रसादाचं दुकान. बुटकी, पदराऐवजी गळ्यात तिकिटाचं मशीन, आणि आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस उठून उभा राहावा. सेनगावच्या गाडीत मी तिला बऱ्याचदा पाहिलं होतं. दारात लोक अडकले की ती म्हणायची, "पुढं सरका, पुढं सरका. दारात कोणाचं घर न्हाई." भाऊ तिला म्याडम म्हणायचा. तिच्याबरोबर ड्युटी लागावी म्हणून तो दुसऱ्यांच्या मुक्कामी गाड्या अंगावर घ्यायचा. आणि हे सगळं कशाच्या जोरावर, तर एका गोष्टीच्या. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यानं ती मला सांगितली.

"कॉलेज, ती सगळ्या डेपोला भाऊ म्हणती. मेकॅनिकला भाऊ, कंट्रोलरला भाऊ, चहावाल्याला भाऊ. मला काय म्हणती माहीत हाय का?"

"काय?"

"ड्रायव्हर."

त्यानं ते असं सांगितलं की मला अभिनंदन करावंसं वाटलं.

अडचण एकच होती. कंडक्टर मागं, ड्रायव्हर पुढं. तिला तो दिसायचा तो डावीकडून. म्हणजे चांगल्या बाजूनं. हिशेबानं ही सोयीची गोष्ट होती, पण त्याच गोष्टीची त्याला धास्ती वाटायची. कँटीनमध्येही तो भिंतीला उजवा गाल लावून बसायचा. तिच्याशी बोलायचं तर समोर बघत बोलायचा. उजवीकडचा माल तिनं अजून पाहिलाच नाही आणि पाहिला की सगळं संपेल, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात त्यानं एक नवीनच विचार केला. काळी बाजू गोरी करायला वेळ लागतो, पण गोरी बाजू काळी करायला काय लागतं? त्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं गच्चीवर खाट टाकली, उजव्या गालावर ओला टॉवेल ठेवला आणि डावा गाल उन्हाकडं करून आडवा झाला. मी कॉलेजातून परत आलो तेव्हा तो घोरत होता. टॉवेल खाली पडला होता. सूर्य सकाळी होता तिथं नव्हता. तो सरकून बरोबर उजव्या बाजूला आला होता, आणि आधीच काळा असलेला गाल वांग्यासारखा झाला होता. मी त्याला उठवलं. आरसा पाहून तो माझ्यावरच चिडला.

"ऊन सरकतं हे सांगायचं न्हाई का? शिकून राहिला ना तू?"

मी सॉरी म्हणालो. काय करणार?

मग पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी बातमी आली. त्याच्या आईनं कुणाकडून तरी चौकशी काढली, पाहुणेसंबंध जुळतो असं निघालं, आणि औंढ्याला निरोप गेला. उत्तर आलं, "या म्हणाव."

भाऊ संध्याकाळभर माझ्या खोलीत बसून होता. "या म्हंजे काय असंल?"

"या म्हणजे या, भाऊ."

"पोरीनं म्हटलं असंल का बापानं?"

ते मला कुठून माहीत असणार? पण मी म्हणालो, "पोरीनं." त्याला तेवढं पुरलं. आणि लगेच दुसरी काळजी सुरू झाली. कार्यक्रम पुढच्या रविवारी होता आणि गाल होता तसाच होता.

मी त्याच्याबरोबर नांदेडला कातडीच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर तरुण होते, टेबलावर बायको आणि बाळाचा फोटो होता. त्यांनी भिंगातून गाल पाहिला आणि सांगितलं, "उन्हानं झालंय. उन्हात जाऊ नका. ही क्रीम लावा, काही महिन्यांत फरक दिसेल."

"महिने न्हाई माझ्याकडं," भाऊ म्हणाला. "ते सोलायचं असतं म्हणं एक. ते करा. फक्त उजव्या बाजूला."

"पील असं घाईनं करत नाहीत. आणि अर्ध्या चेहऱ्याला तर नाहीच."

"हाफ तिकीट न्हाई का तुमच्याकडं?"

डॉक्टर हसले आणि नाही म्हणाले. भाऊ हसला नाही. तो खरंच विचारत होता.

हिंगोलीला आल्यावर मला न सांगता तो स्टँडमागच्या सलूनमध्ये गेला. त्या कारागिरानं मोबाइलवरून एक बाटली मागवली होती आणि गिऱ्हाईक शोधत होता. दोघांनाही घाई होती. दुसऱ्या दिवशी भाऊचा उजवा गाल लाल झाला. मग पापडासारखे पापुद्रे निघायला लागले. पोट बिघडलंय असं डेपोला कळवून तो रजेवर बसला. म्याडमचा मेसेज आला, 'पोट कसं हाय', आणि तो वाचून त्याला पुन्हा आशा आली. शनिवारी पापुद्रे गळून पडले आणि आतून जे निघालं ते डाव्या गालासारखं नव्हतं. ते गुलाबी-पांढरं होतं, चकाकणारं, कानापासून ओठापर्यंत.

"ही बाजू आता फारच पुढं गेली," भाऊ आरशात बघून म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर तालीम केली. दोन बादल्या म्हणजे पोरीचे वडील आणि आत्या. मी हातात ताटली घेऊन मोरीतून यायचं, म्हणजे मी नवरी. भाऊनं सगळं ठरवलं होतं. स्वयंपाकघर डावीकडं असणार. तो दाराकडं डावा गाल करून बसणार. उजवीकडं मी बसायचं, आणि आत्यानं त्या बाजूनं बघायला सुरुवात केली की पुढं वाकून काहीतरी विचारायचं. "काय विचारू?" मी म्हणालो. "कॉलेजचं विचार कायतरी. घाबरतात लोकं."

औंढ्याला गेलो तर स्वयंपाकघर उजवीकडं होतं.

भाऊनं जागा बदलायचा प्रयत्न केला, पण पोरीच्या वडिलांनी त्याला हाताला धरून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. "पाहुणे, हितं बसा. वारं येतं." वाऱ्याबरोबर ऊनही येत होतं, आणि ते नेमकं गुलाबी गालावर पडत होतं. मी त्याच्या उजवीकडं बसलो, पण मी बुटका आहे. त्याची आई समोर सतरंजीवर बसली होती. पावसापाण्याचं, हळदीच्या भावाचं बोलणं झालं. आत्या मात्र बोलत नव्हती. ती बघत होती. शेवटी तिनं विचारलंच.

"पाहुणे, गालाला काय झालं?"

"काही न्हाई."

"पांढरं दिसून राहिलं."

आत्यानं आवाज खाली आणला. "कोड तर न्हाई ना?"

आमच्याकडं हा शब्द निघाला की स्थळ तिथंच मोडतं. मग पुढं कुणी काही विचारत नाही, चहा घेऊन उठतात आणि गावोगाव बातमी पोचते. भाऊच्या आईचा चेहरा उतरला. "न्हाई हो बाई. आमच्या घराण्यात कोणालाच न्हाई," ती म्हणाली, पण बघत होती त्या गालाकडंच. तिनंही तो गाल त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिला होता.

भाऊनं माझ्याकडं पाहिलं. आता मी बोलायला पाहिजे होतं. मी पुढं वाकलो आणि म्हणालो, "त्वचेत मेलॅनिन नावाचं एक..."

"हे अन् काय?" आत्या म्हणाली. "दुसरा रोग?"

मी मागं सरकलो. भाऊनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मला कळत होतं, त्याला दोनच वाटा होत्या. गप्प राहून कोडवाला म्हणून उठायचं, नाहीतर चार माणसांत, होणाऱ्या सासऱ्यासमोर, पुरुष असून तोंडाला काय काय केलं ते सांगायचं. त्यानं घसा साफ केला.

"कोड न्हाई. मी गाल सोलून घेतला."

पोरीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "कोणी सोलला?"

"स्टँडमागच्या न्हाव्यानं."

"भांडण झालं होतं का?"

"न्हाई. मीच सोल म्हटलं."

"काहून पण?"

भाऊ जमिनीकडं बघत बोलायला लागला. "ड्रायव्हर माणूस मी. खिडकीकडची बाजू जळती. तुमच्या पोरीला मी रोज डावीकडूनच दिसतो. ती बाजू बरी हाय. उद्या लगीन झालं, उजवी बाजू दिसली, तर तिला वाटायचं दाखवला एक अन् दिला दुसरा. फसवल्यासारखं झालं असतं. म्हणून दोन्ही बाजू सारख्या करायला गेलो. मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूनं पण करून पाहिलं. न्हाई जमलं."

आत्याच्या तोंडाला पदर गेला. ती हसतेय की काय करतेय ते मला कळलं नाही. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, गाडीतला तोच आवाज, फक्त जरा कमी.

"मला वाटायचं तुमची मान आखडलीय."

ती पोह्याच्या ताटल्या घेऊन उभी होती. साडीत होती, त्यामुळं मी क्षणभर ओळखलंच नाही.

"इतके दिवस संगं ड्युटी केली," ती म्हणाली, "एकदा पण वळून बोलला न्हाईत. पाणी दिलं तरी समोर बघूनच घेतलं. मी घरी सांगितलं, माणूस चांगला हाय पण एकतर गर्व हाय, न्हाईतर मान धरलीय. वळा इकडं."

भाऊ वळला. सगळा चेहरा तिच्याकडं करून बसला. एक गाल गव्हाळ, एक गुलाबी, मध्ये नाक. मी त्याच्याशेजारी रोज राहत होतो, पण असा समोरून मीही त्याला पाहिला नव्हता. त्याचे डोळे बरे होते, हे मला तेव्हा कळलं. तिनं ताटल्या खाली ठेवल्या, वाकून आधी उजवीकडून पाहिलं, मग डावीकडून.

"आत्या, कोड न्हाई हे. कोड कानापाशी येऊन असं रेघ मारल्यावानी थांबत न्हाई. न्हाव्याचंच काम हाय."

"पण असंच राहिलं म्हंजे?" आत्या म्हणाली.

"काहून राहील? चार महिने गाडी चालवली की होतं पहिल्यावानी. खिडकी तीच हाय ना."

वडील तिच्याकडं बघत होते. "म्हंजे तुझा होकार समजायचा का?"

"मी खिडकीचं बोलून राहिले," ती म्हणाली आणि आत गेली. जरा वेळानं आतूनच म्हणाली, "पोहे खा म्हणावं ड्रायव्हरला. गार होऊन राहिले."

भाऊनं ताटली उचलली. पहिला घास त्यानं चमचा उलटा धरून घेतला.

परतीच्या गाडीत त्याची आई पुढच्या सीटवर बसून लग्नाला कोणाकोणाला बोलवायचं ते स्वतःशीच ठरवत होती. आम्ही दोघं मागं. दुपार कलली होती आणि ऊन डाव्या खिडक्यांतून येत होतं. भाऊनं काच सरकवली, औंढ्याहून निघताना गालावर बांधलेला रुमाल काढून खिशात घातला. पण डाव्या खिडकीतून उजवा गाल उन्हात धरायचा तर माणसानं उलटं बसायला पाहिजे. तो उलटा बसला. पुढच्या सीटच्या दांडीला पाठ टेकवली आणि सगळ्या गाडीकडं तोंड केलं. मागची माणसं त्या दोन रंगांच्या चेहऱ्याकडं बघायला लागली. एका म्हातारीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. त्यानं कुणाकडंच लक्ष दिलं नाही.

मी हळूच म्हणालो, "भाऊ, डॉक्टरांनी उन्हात जायचं नाही सांगितलंय."

"डॉक्टरचं लगीन झालेलं हाय," तो म्हणाला, आणि गाल आणखी थोडा उन्हात सरकवला.